ताण तोडायचा कधी? (काटोलकडच्या बागेतली तीन वर्षं)

धुऱ्यावरचा | १२ डिसेंबर, रात्री १०:५०

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "मुलगा सव्वीसचा आहे, मुलींमध्ये रस नाही म्हणतो, पिणंही वाढलंय. गावी शेतावर पाठवला तर सुधरेल का?" खाली सगळ्यांनी पाठवा, पाठवा म्हटलं. घामासोबत सगळं निघून जातं, असंही एकाने लिहिलं. मी तेव्हा दोनदा लिहून खोडलं. आज रात्रीची लाइन (पंपाची वीज) आहे, अकराच्या आसपास येईल. संत्र्याचं पाणी तोडलंय (ताण म्हणतात त्याला, फुलोरा यावा म्हणून काही दिवस पाणी बंद), पण हरभऱ्याला द्यायचंय, तोवर जागायचंच आहे. म्हणून लिहितो. मलाही असंच पाठवलं होतं.

मी नागपूरचा, महालातला. वय आता एकतीस. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी होती. मी समलिंगी आहे हे मला आठवीपासून माहीत होतं, घरच्यांना चोविसाव्या वर्षी कळलं, तेही मी सांगून नाही, फोन उघडा राहिला म्हणून. बाबा सहा महिने बोलले नाहीत. आई बोलायची, पण ती बोलण्यापेक्षा न बोललेली बरी असं वाटायचं. मग एका समुपदेशकाकडे नेलं (नाव, गाव विचारू नका). तो दर शनिवारी मला डोळे मिटून "नॉर्मल आयुष्य" डोळ्यांसमोर आणायला सांगायचा. बायको, पोर, स्कूटर. मी स्कूटर आणायचो, बाकी काही येत नव्हतं. आठ महिने पैसे भरले.

पिणं त्याआधीच सुरू होतं, लॉकडाउनमध्ये वाढलं. संध्याकाळी एक क्वार्टर, मग दोन. मग सकाळी हात थरथरू नयेत म्हणून अर्धी. नोकरी गेली. एका रात्री फुटाळा तलावाच्या काठावर बराच वेळ बसून होतो. कशाला ते लिहीत नाही. एक पोहेवाला दुकान आवरत होता, तो म्हणाला, "भाऊ, तर्री उरली आहे, खाऊन घ्या, फेकाच लागते नाही तर." खाल्ली अन् घरी आलो.

२०२२ ची मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघते ती पुतळ्यांची मिरवणूक). आमच्या घराच्या खिडकीतून मिरवणुकीचा आवाज येतो. सगळे ओरडत होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. आई खिडकीत उभी राहून हळू आवाजात तेच म्हणत होती. म्हणताना तिने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय होतं मी कधी विचारलं नाही. दारू असेल. पण त्या दिवशी मला वाटलं, ती मलाच घेऊन जा म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी मी झटक्यात दारू सोडली. एकट्याने, खोली बंद करून. तिसऱ्या दिवशी पहाटे फीट आली, दात लागून जीभ कापली गेली. दवाखान्यात अकरा दिवस होतो. हे एवढं तरी वाचून घ्या: रोज पिणाऱ्याने एकदम सोडायची नसते.

नोव्हेंबरात बाबांनी मामाकडे पोहोचवलं. बाबा मामाला काय म्हणाले ते मी ओसरीवरून ऐकलं. "मेहनत करव त्याच्याकडून. नांगराला जुंपला की नखरे जातात." मामा म्हणाला, "भाऊजी, आता नांगर कुठं राह्यला, ट्रॅक्टर आहे."

मामाकडे साडेतीन एकरात चारशे संत्री, बाकी वावरात सोयाबीन, तूर, हरभरा. पहिल्या दिवशी मामा म्हणाला, "उद्या पाचला उठजो. बोर्डो लावाचा आहे." बस. बाकी काही विचारलं नाही. मी वाट पाहत होतो की हा आता विचारेल, मग विचारेल. तीन आठवडे वाट पाहिली.

बोर्डो पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी अन् नंतर खोडाला कमरेइतका लेप द्यायचा. मोरचूद रात्री प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचा, धातूच्या भांड्यात नाही. चुना वेगळा. मग दोन्ही एकत्र. तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, झाड भाजेल. मामाने विळा बुडवला, वर काढला अन् माझ्या हातात दिला. "तूच सांग."

माझे हात तेव्हा अजून थरथरत होते. पातं उन्हात धरलं. कडेला थोडं तांबूस होतं. म्हटलं, "कमी आहे मामा." मामाने न पाहता अजून चुना टाकला. न पाहता. गेल्या दोन वर्षांत माझ्या शब्दावर कोणी काही केलं नव्हतं, घरात मी "जेवलो" म्हटलं तरी आई ताट तपासायची.

चारशे झाडं, नऊ दिवस. नखं निळी झाली होती.

लाइन आली. बाकीचं उद्या.

तर्रीपोहे | १२ डिसेंबर, रात्री ११:३५

काय लिहिलंय राजे! तो फुटाळ्याचा पोहेवाला मी असतो तर बरं झालं असतं. म्हणजे बघा, संत्र्याला ताण दिला की बहार येतो, तसंच तुमचं झालं. ताण बसला म्हणून फुललात.

वरुडकर_काका | १३ डिसेंबर, सकाळी ६:१०

पाणी केव्हा तोडलं? जमीन भारी की हलकी? आंबिया बहार घेता (उन्हाळ्याआधी फुलणारा) की मृग (पावसाळ्यात फुलणारा)? भारी जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात. हलक्या जमिनीत त्याहून लवकर बसतो. पानं मलूल होऊन पाव हिस्सा गळली की पुरे. फार ताणाल तर सल (वाळलेल्या फांद्या) जास्त निघते.

आणि बोर्डोला विळा ठीक आहे, पण लिटमस कागद मिळतो, तो आणा.

मानेवाड्याची_आई | १३ डिसेंबर, सकाळी ९:२२

मीच ती, मागच्या धाग्यावरची. तुमचं रात्री वाचलं आणि परत सकाळी वाचलं. मारबतीचं वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले. बेटा, आम्ही पण काही काही म्हणून जातो. माझा मुलगा अजून घरातच आहे. शेत आमचं नाहीच, दिराचं आहे कुहीकडे. त्याला पाठवू की नको, एवढंच सांगा.

झिरोमाइल | १३ डिसेंबर, सकाळी ११:०५

हे सगळे मोबाइल आल्यावरचे आजार. आमच्या वेळी होतं का असं काही? वेळेवर लग्न लावून द्या, पोर झालं की सगळं जागेवर येतं. शेतकऱ्याच्या घरी पाहिलंय का कोणी असं?

बजाजनगरची_मावशी | १३ डिसेंबर, दुपारी १२:४०

माझ्या धाकट्या बहिणीचं असं लग्न लागलं होतं. काही जागेवर आलं नाही. सहा वर्षं ती स्वतःतच खोट शोधत राहिली, डाएट केले, पार्लर केलं, उपास केले. माणूस वाईट नव्हता, तोही झुरत होता. दोन आयुष्यं गेली, आणि ज्यांनी लग्न लावलं ते जेवून आपापल्या घरी गेले.

रामदासपेठी | १३ डिसेंबर, दुपारी ३:१५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. धागाकर्त्याने एकदम दारू सोडण्याबद्दल लिहिलं त्यावर थोडं, कारण याच कारणाने माणसं दगावतात.

रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की काही तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. फीट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, कधी त्यानंतरही. दोन-चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असते. औषधाखाली, थायमिन देऊन, हळूहळू उतरवलं तर यातलं बरंचसं टळतं. दुसरं, चहात किंवा भाजीत गुपचूप "दारू सोडवायची पावडर" घालू नका. त्यात कधी कधी डायसल्फिराम असतं. पेशंटला माहीत नसताना तो वरून प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. घरची मंडळी प्रेमानेच करतात हे, म्हणून सांगतोय.

समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला. "बदलून देतो" म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतं. पण सतत लपून, घाबरून राहिल्याने जे होतं तो त्रास खरा असतो. आमच्या भाषेत मायनॉरिटी स्ट्रेस. दारू बरेचदा त्यावर ओतलेली असते.

आणि मानेवाड्याच्या ताई, शेतावर पाठवताना एक बघा. घरात निराशा असलेलं माणूस असेल तर फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. आपल्याकडे शेतावरच्या कोपऱ्यात ते डबे उघडे पडलेले असतात. मन नाजूक असताना हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

पांढरकवड्याची | १३ डिसेंबर, सायंकाळी ५:०२

मला या धाग्याचा थोडा राग येतोय, सांगूनच टाकते. शेतीने माणसं बरी होतात म्हणे. आमच्याकडे शेतीने माणसं जातात. २०१७ च्या फवारणीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त मजूर अन् शेतकरी गेले. माझ्या काकांनी कापसात सगळं घातलं. शहरातून आलेल्या माणसाला पहाटेचं दव अन् पक्षी दिसतात, आम्हाला सोसायटीचं कर्ज दिसतं. धागाकर्त्यांवर राग नाही. पण शेत म्हणजे सुधारगृह नाही.

धुऱ्यावरचा | १३ डिसेंबर, रात्री ९:४८

सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

पांढरकवड्याच्या ताई, तुम्ही बरोबर आहात. मी मामाच्या जिवावर शेती केली. कर्ज मामाच्या नावावर, सातबारा मामाचा, फळगळ झाली तर झोप मामाची उडायची. मला फक्त काम होतं, धोका नव्हता. हेच काम मी स्वतःच्या कर्जावर केलं असतं तर वर्षभरात परत बाटलीवर असतो. हे मी आधी लिहायला हवं होतं.

तर्रीपोहे, राग मानू नका, पण ते ताण-बहार मला पटत नाही. झाडाला ताण देतो तो मोजून, आधी खत-पाणी देऊन, धडधाकट झाडाला. डिंक्या लागलेल्या झाडाला कोणी ताण देत नाही, ते मरतं. मला जे दिलं ते मोजून नव्हतं. मला त्यातून काही फुललं नाही, फीट आली. बाबांनाही वाटलं होतं कष्टाने सरळ होईल. कष्टाने मी थकलो अन् रात्री झोप लागली, एवढं खरं. पण थकायला तर मी कॉल सेंटरातही थकायचो.

काकाजी, आंबिया घेतो. जमीन मध्यम काळी, खाली मुरूम. पाणी ५ तारखेला तोडलं.

झिरोमाइल, शेतकऱ्याच्या घरी पाहिलंय का म्हणता. पुढचं वाचा.

मार्च संपता संपता मोटर जळली. २०२३. रात्रीची लाइन, व्होल्टेज तीनशेच्या खाली. मी एकटाच होतो वावरात. मोटरचा आवाज जाड झाला, मग घुसमटल्यासारखा, मग वास. सकाळी मामाने रिवायंडिंगवाल्याला (जळालेल्या मोटरीत नवी तार भरणाऱ्याला) बोलावलं. फटफटीवर कप्पी, दोर अन् पान्यांची थैली घेऊन एक जण आला, माझ्याएवढाच, बाहीवर वार्निशचे डाग. (दुकान कुठे ते सांगणार नाही.) विहिरीतून मोटर वर ओढताना तो म्हणाला, "जळाच्या आधी आवाज बदलते. ऐकला नाही काय?"

"ऐकला होता."

"मंग बंद काहून नाही केली?"

"वाटलं चालून जाईल."

तो हसला. खूप नाही, नाकातल्या नाकात. मला चीड आली होती, ते आठवतं.

एका फेरीचं काम, तो तीनदा आला. एकदा बेअरिंग बघायला, एकदा स्टार्टरचा रिले बघायला. तिसऱ्यांदा कशाला ते आजही कबूल करत नाही. स्टार्टरच्या पेटीवर आतल्या बाजूला खडूने मोटर भरल्याची तारीख लिहायची त्याची सवय. त्याखाली त्याने नंबर लिहिला. नंबर आमच्याकडे होताच.

श्रावण संपत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले, मामीने बैलांना आमंत्रण दिलं. आमच्याकडे बैलाच्या कानात म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तो तेव्हा गोठ्यातला बल्बचा होल्डर बदलत होता, स्टुलावर उभा. मी त्याच्याकडे पाहून तेच म्हटलं, गंमत म्हणून. मामी हसली. तो नाही हसला. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून जेवायला आला. बैलाच्या आधी.

नंतर जागल. तुरी भरल्या की रानडुकरं येतात, रात्री मचाणावर बसावं लागतं. त्याच्या दुकानात हंगाम नव्हता, तो सोबतीला यायचा. एका रात्री त्याने विचारलं, "तुम्ही लग्न काहून नाही केलं?"

म्हटलं, "तुम्ही काहून नाही केलं?"

खूप वेळ कोणी बोललं नाही. थंडी पडली होती, टॉर्चही बंद होता. तेवढ्यात धुऱ्यापलीकडे डुकरं घुसली अन् आम्ही दोघं रिकामे डबे वाजवत धावलो. तो ओरडला, "अबे तिकडून ये ना, इकडून काहून येतो!" आमच्यातलं "तुम्ही" तिथेच सुटलं. परत कधी आलं नाही.

झिरोमाइल, तो शेतमजुराच्या घरचा आहे. त्याच्या गावात त्याच्यासारखे त्याला अजून दोघं माहीत आहेत. त्यांच्याकडे फक्त शब्द नव्हता.

बर्डीवाला | १३ डिसेंबर, रात्री १०:३०

मी तेवीसचा, इथे पहिल्यांदा लिहितोय. "फक्त शब्द नव्हता" यावर अडकलो. मला शब्द सगळे माहीत आहेत, इंग्रजीतले पण. माणूस एकही नाही. नागपुरात प्राइडला (आपल्यासारख्यांच्या मिरवणुकीला) मागच्या वर्षी लांबून बघितलं, समोरच्या फुटपाथवरून चालत. मास्क लावून.

धुऱ्यावरचा | १३ डिसेंबर, रात्री १०:५५

मी पण पहिल्या वर्षी फुटपाथवरूनच चाललो होतो. पुष्कळ जण फुटपाथवरच असतात. सारथी ट्रस्ट नागपुरात आपल्यासारख्यांसाठी बरीच वर्षं काम करतो आहे, तिथे जाऊन नुसतं बसलास तरी चालतं. माणूस एकदम मिळत नाही, आधी ओळखी मिळतात. डेटिंग अॅपवरच्या भेटींना एकटा जाऊ नकोस, पैसे उकळणारे असतात, माझ्यासोबत झालंय.

खामल्याचा_वकील | १४ डिसेंबर, सकाळी १०:००

कायद्याचं थोडक्यात, कारण घाबरवणारे खूप असतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. तेव्हापासून हा गुन्हा नाही, आणि "पोलिसात देईन" ही धमकी पोकळ आहे. उलट धमकी देऊन पैसे मागणं हाच गुन्हा. लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता दिलेली नाही. पण संयुक्त बँक खातं अन् जोडीदाराला नॉमिनी नेमणं याला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मृत्युपत्र करून ठेवा. फक्त शेतजमिनीचं प्रकरण वेगळं, शेतकरी नसलेल्याच्या नावावर ती सहज होत नाही, तेव्हा मामांशी बोलण्याआधी कोणाला तरी कागद दाखवा.

मानेवाड्याची_आई | १४ डिसेंबर, दुपारी २:१८

मग सगळं छान झालं म्हणायचं का? दारू परत नाही घेतली? आणि तुमच्या आईचं काय?

धुऱ्यावरचा | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

घेतली काकू. २०२४ च्या सुरुवातीला. फुलोरा आला होता, गारपीट झाली, दहा मिनिटांत झाडाखाली पांढरा सडा. गारा वेगळ्या अन् फुलं वेगळी दिसत नव्हती. मामा बांधावर उकिडवा बसला अन् उठलाच नाही. मी काटोलला गेलो, चार दिवस तिथेच होतो.

त्याने शोधून काढलं. तमाशा केला नाही. लॉजच्या जिन्यावर बसून म्हणाला, "मी मोटर भरून देतो. तुझी दारू नाही सोडवू शकत मी. मीटिंगले चाल, मी बाहेर थांबतो." नागपुरात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा होतात, दवाखान्यातून निघताना मला पत्ता दिला होता, मी कधी गेलो नव्हतो. तो दर रविवारी मला फटफटीवर घेऊन यायचा, एवढ्या लांबून, अन् बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचा. आत काय होतं कधी विचारलं नाही. टपरीवाल्याचा बंद पडलेला मिक्सर-ग्राइंडर मात्र भरून दिला. आता बावीस महिने होतील. डॉक्टरांची गोळी वर्षभर घेतली, तीही लपवायची गोष्ट नाही.

तुम्ही विचारलंत पाठवू की नको. सुधारायला पाठवू नका. जायचं आहे का ते त्याला विचारा, अन् दिरांना आधी विचारा की ते त्याला काय म्हणून ठेवून घेतील. आधी डॉक्टर, मग वावर. मला मामा वेगळा मिळाला असता तर हेच शेत मला खाऊन टाकायला पुरेसं होतं.

मामाला मी स्वतः सांगितलं, गारपिटीनंतर. दुहेरी आळं करत होतो आम्ही. पाणी खोडाला लागू नये म्हणून आतलं आळं कोरडं ठेवतात, पाणी बाहेरच्या वळ्यात. मी खाली बघत माती ओढत सगळं बोलून टाकलं, त्याच्याबद्दलही. मामाने फावडं थांबवलं नाही. म्हणाला, "मले त्यातलं काही समजत नाही बाप्पा. पोट्टा कामाचा आहे. मोटर बंद कराले विसरजो नोको."

आई. आई कठीण आहे. मारबतीचं मी तिला अजून विचारलं नाही, विचारणारही नाही बहुतेक. बाबा फोनवर "बरा आहेस ना" म्हणतात अन् आईला देतात. गेल्या महिन्यात मामीच्या हातून आईने एक पिशवी पाठवली. आत तिचा जुना मिक्सर होता, जळलेला, भांड्यासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. चिठ्ठी होती. "तुझ्या त्या मित्राला दाखव. घाई नाही."

त्याने दोन रात्री लावल्या त्या मिक्सरला. नवी तार, नवे कार्बन, सगळं. मी म्हटलं एवढं कशाला, छोटी मोटर आहे. तो म्हणाला, "आवाज नाही आला पाहिजे."

झिरोमाइल | १५ डिसेंबर, सकाळी ८:४५

माझं मत तेच आहे. पण मिक्सर कुठे भरून मिळतो, माझाही पडून आहे.

बजाजनगरची_मावशी | १५ डिसेंबर, सकाळी ९:३०

आधी स्वतःचं डोकं भरून घ्या, मिक्सर नंतर.

पांढरकवड्याची | १५ डिसेंबर, दुपारी १:०५

ते "मला फक्त काम होतं, धोका नव्हता" हे कोणी लिहीत नाही सहसा. ठीक आहे. मामांना नमस्कार सांगा. गारपिटीचे पंचनाम्याचे पैसे मिळाले का त्यांना?

धुऱ्यावरचा | १५ डिसेंबर, रात्री ८:१५

थोडे मिळाले, उशिरा. तेवढ्यात फवारणीही निघाली नाही.

काकाजी, एक विचारायचं राहिलं. पूर्वेकडच्या ओळीतली तीन झाडं डिंक्याने गेली. जुनी, जंबेरी खुंटावर (ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात तो खुंट) बांधलेली होती. त्या जागी काय लावू? अन् ताण कधी तोडू? पानं आता वळायला लागली आहेत.

वरुडकर_काका | १६ डिसेंबर, सकाळी ५:५०

अकरा दिवसांत तोडायची घाई नको. मध्यम जमीन आहे, जानेवारीच्या मध्यापर्यंत जाऊ द्या, पण रोज फिरून बघा. फांदीचं टोक वाळायला लागलं तर तारखेची वाट बघायची नाही. पहिलं पाणी हलकं. एकदम भरून दिलं तर नवती (नवी पालवी) सुटते अन् फूल गळतं. दुसरं चार-पाच दिवसांनी.

मेलेली झाडं मुळासकट काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. पावसाळ्यात लावा, आत्ता नाही. माझ्याकडे रंगपूर खुंटावरची कलमं आहेत, डोळा नऊ इंचांच्या वर बांधलेला, घरचीच. पैसे नकोत. जुलैत न्यायला या. पिशव्या मातीच्या, जड असतात, एकट्याचं काम नाही. दोघंही या, जेवूनच जा.